निधान

हुबळीच्या रेल्वे वसाहतीजवळ ज्यांचे बालपण गेले, त्यांना घड्याळाची फारशी गरज भासत नसे. सकाळी कारखान्याचा भोंगा होई आणि गदग रस्त्यावरून सायकलींची रांग सुरू होई. सायंकाळी पुन्हा भोंगा होई आणि तीच रांग उलट दिशेने वाहू लागे. त्या रांगेत आमचे अण्णाही असत. ते कारखान्यात फिटर होते. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कारखाना उभारला. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेशी एकत्र झाली, १९५१ साली दक्षिण रेल्वे आली, १९६६ साली हुबळी दक्षिण-मध्य रेल्वेकडे गेली. दारावरच्या पाट्या बदलत गेल्या. फिटरच्या हातातील कानस मात्र तीच राहिली.

आठ तास लोखंडाशी झुंजून आलेला माणूस घरी आल्यावर विसावा घेईल, असे कोणालाही वाटावे. अण्णा मात्र हातपाय धूत, चहा घेत आणि परसातील पत्र्याच्या पडवीत जाऊन दिवा लावीत. तेथे सागवानी फळ्यांचे एक मेज होते. मेजाच्या कडेला शेगडा घट्ट बसविलेला होता. कामगार त्याला व्हाइस म्हणत. भिंतीवर कानशी, छिन्न्या, हातोडे, गुण्या आणि हाताने फिरवायचे ड्रिल अशी हत्यारे ओळीने टांगलेली असत. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची आकृती कोळशाने काढलेली होती. त्यामुळे एखादे हत्यार जागेवर नसले, की भिंतच चुगली करी! हत्यारांपैकी निम्मी भंगार बाजारातून आणून, गंज काढून, नव्या मुठी बसवून सजीव केलेली होती.

रविवारी या पडवीत मंडळी जमत. एक गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे, हाडाचे सुतार. श्रावण लागला, की त्यांचे डोके गणपतीच्या हलत्या देखाव्याकडे लागे. सायकलचे आरे, जुन्या छत्रीच्या काड्या आणि दोऱ्याची रिकामी रिळे यांतून ते असा मोर बनवीत, की तो मान वळवून पिसारा उभारी. दुसऱ्या एकाला रेडिओचे वेड. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० सालापासून सुरू. तेथील गाणे ऐकण्यासाठी त्याने तारेचे वेटोळे, एक छोटा डायोड आणि कानाला लावायचा श्रवणयंत्राचा तुकडा एवढ्यावर एक संच उभा केला होता. त्याला ना बॅटरी लागे, ना वीज. छपरावर ताणलेली लांब तार हवेतील लहरी पकडी आणि तेवढ्याच शक्तीवर गाणे कानात झिरपे. आम्हा मुलांना ती जादूच वाटे.

आणि तिसरे आमचे मिस्त्रीकाका. ते अण्णांचे कारखान्यातील सोबती, घरची भाषा कन्नड. पितळी नळीचा बॉयलर, स्पिरिटचा दिवा आणि अंगठ्याएवढा सिलिंडर असलेले एक वाफेचे इंजिन ते चार वर्षे घडवीत होते. इतकी वर्षे का लागतात, असे कोणी विचारले तर ते हसून एकच शब्द उच्चारीत, "निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, दमाने. मला तेव्हा हे ठाऊक असूनही गंमत वाटे. कारण आमच्या मराठीच्या पुस्तकात निधान म्हणजे ठेवा, भूमीत पुरलेले धन, असा अर्थ दिला होता. काका इंजिनात कोणते धन शोधतात, असा विनोद मी मित्रांत करीत असे.

अण्णांपाशी 'उद्यम' आणि 'किर्लोस्कर' मासिकांचे जुने अंक होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा ते आम्हाला वारंवार सांगत. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली आपल्याच भागातील गुर्लहोसूर गावी झाला. चित्रकार व्हावे म्हणून मुंबईला गेलेल्या या तरुणाला रंगांतील भेदच नीट दिसत नाहीत, असे आढळून आले. तेव्हा त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटने हाती घेतली. बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेली त्यांची वाट १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर पोहोचली. लोखंडी नांगराने जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे त्यांचा पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. अण्णा म्हणत, "नांगर घडविणे सोपे होते, ती दोन वर्षे काढणे अवघड." मला वाटे, ही थोरामोठ्यांची गोष्ट, आपल्या पडवीशी तिचा काय संबंध?

तो संबंध १९७८ सालच्या लग्नसराईत मला कळला. मी नववीत होतो. आई घरी शिवणकाम करी. अण्णांच्या पगाराला तिच्या शिलाईचा मोठा आधार होता. माझी फी आणि पुस्तके तर त्या शिलाईतूनच येत. तिचे यंत्र पायाने चालवायचे. पायाखालची जाळीदार पट्टी आणि मोठे चाक यांना एक दांडा जोडतो; तो चाकाच्या खुंटीवर ज्या पितळी नळकांड्यात फिरतो, त्यास बुश म्हणतात. तो बुश झिजून यंत्र खडखडू लागले होते. अण्णांनी पितळेच्या कांबीचा तुकडा कापला, त्यात खुंटीपेक्षा किंचित लहान भोक पाडले आणि तो माझ्या हाती देऊन म्हणाले, "गोल कानशीने हे भोक खुंटीच्या मापाचे कर. घाई करू नकोस. बसला की मला दाखव."

त्या संध्याकाळी मैदानावर क्रिकेटचा सामना होता. मी भराभर कानस चालविली. गोल कानशीचा स्वभाव असा, की हात जरा डुलला तरी भोक तोंडाशी रुंदावते आणि मध्ये अरुंद राहते. मी तो अरुंद भाग काढण्यासाठी आणखी घासले आणि पाहता पाहता खुंटी आत डुगडुगू लागली. आता काय? मी डब्याच्या पत्र्याची एक बारीक पट्टी कापली, भोकात गुंडाळून बसविली, वर भरपूर ग्रीस थापले. खुंटी घट्ट बसली. अण्णा त्या दिवशी जादा पाळीवर होते. ते आले तेव्हा यंत्र जोडून झाले होते आणि निःशब्द चालत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला त्या रात्री फार जड वाटला.

चौथ्या दिवशी सायंकाळी यंत्र मोठा आवाज करून थांबले. भोक सैल असले, की प्रत्येक फेऱ्यात खुंटी त्यावर आपटते. आपटण्याने ते आणखी रुंदावते आणि रुंदावल्याने आणखी जोराने आपटते. पत्र्याची पट्टी सरकून बाहेर आली होती, दांडा खुंटीवरून निसटून वाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलीचे लग्न होते आणि गुळेदगुड्डच्या खणाच्या सात चोळ्यांपैकी तीन शिवावयाच्या उरल्या होत्या. मुलीची आई दारात उभी राहून रडवेली झाली. अण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "वहिनी, चूक माझी आहे. मी बुश तपासून पाहिला नाही. चोळ्या मात्र सकाळी मिळतील."

मी दाराआड उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्या रात्री चाकावरचा चामडी पट्टा काढून टाकला आणि यंत्राच्या उजव्या अंगाचे लहान चाक मी हाताने फिरवू लागलो. आई कापड सरकवी आणि "हं", "थांब", "हळू" एवढेच बोले. चाक उलटे फिरले तर दोरा तुटे. म्हणून डोळ्यांत झोप असूनही हात सावध ठेवावा लागे. तिसरी चोळी संपली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. आईने माझ्या तळव्यांना तेल लावले. ती जर रागावली असती, तर मला किती बरे वाटले असते!

सकाळी मी पडवीत गेलो. अण्णा वाकलेला दांडा ऐरणीवर सरळ करीत होते. मेजावर ती पत्र्याची पट्टी ठेवलेली होती. मी कसाबसा म्हणालो, "अण्णा, ती पट्टी मी घातली होती." त्यांनी हातोडा खाली ठेवला. "काल यंत्र उघडले तेव्हाच दिसली ती. तू सांगशील, म्हणून थांबलो होतो. आता आईलाही सांगून ये." मी आईला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "रात्रभर चाक कोणी फिरवले, ते मी पाहिले आहे. जा, आता नीट कर."

नीट करणे म्हणजे काय, ते मला मिस्त्रीकाकांनी शिकविले. त्यांनी खुंटीला दिव्याची काजळी धरली आणि ती बुशमध्ये घालून अलगद फिरवून काढली. जेथे पितळ खुंटीला टेकत होते, तेथे काळा डाग उमटला. तेवढाच डाग घासायचा, पुसायचा, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा पाहायचे. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्याही अंशाइतके अंतर राखायचे होते. माझा हात वेगाने चालू लागला, की काका म्हणत, "निधान, तम्मा, निधान." तीन तुकडे वाया गेले. प्रत्येक वेळी मी स्वतःच जाऊन सांगितले, "हा बिघडला," आणि अण्णांनी न बोलता नवा तुकडा कापून दिला. चौथा बसला. आई पुढे कितीतरी वर्षे त्यावर शिवीत राहिली.

आता अण्णा नाहीत, मिस्त्रीकाकाही नाहीत. १००० मिलिमीटर अंतराचे जुने रूळ १९९० नंतरच्या दशकात गेले आणि १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग आला. २००३ सालापासून हुबळी नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. २०२३ साली जगातील सर्वांत लांब म्हणून नोंदला गेलेला १५०७ मीटरचा फलाट पाहुण्यांना दाखविताना मलाही अभिमान वाटतो. पण माझे मन अजून रमते ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी अण्णांचे मेज पुन्हा मांडले. रविवारी शेजारची मुले येतात. त्यांच्यापाशी आता थ्री-डी प्रिंटरवर बनविलेले भाग असतात. संगणकावर आकृती काढली, की यंत्र प्लॅस्टिकचा थर थरावर चढवून वस्तू उभी करते. मात्र त्यात भोके बहुधा आखल्यापेक्षा किंचित लहान येतात आणि ती मापाला आणण्यासाठी मुलांना अखेर माझ्या गोल कानशीकडेच वळावे लागते.

मागच्या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आठवीतील एक मुलगा आपल्या पवनचक्कीचे चाक घेऊन बसला होता. बराच वेळ कानशीचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी मुद्दामच मान वर केली नाही. थोड्या वेळाने तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला होता.

"आजोबा, माझ्या हातून भोक मोठे झाले."

त्याच्या हातातील चाकाकडे पाहण्याआधी मी त्याच्याकडे पाहिले. पुस्तकातील निधानाचा अर्थ मला त्या क्षणी आठवला.

"बरे झाले सांगितलेस," मी म्हणालो आणि मोजमापाचे व्हर्नियर त्याच्या हाती दिले. "किती मोठे झाले, ते आधी मोजू. उद्या सकाळपर्यंत पुष्कळ वेळ आहे."