वाऱ्याच्या हवाली

“वल्ही वर घ्या. आता वारा न्हेईल तिकडं जायचं,” मामा म्हणाले आणि पत्र्याची होडी आडवी झाली.

दुपार कलताना पालीहून निघालो होतो. धानेपचं गुंजवणी धरण काठोकाठ भरलेलं, राजगडावर पिवळं ऊन. पाली दरवाज्याची वाट कुठून चढते, ते पाण्यातूनही नजरेनं चाचपता येत होतं. काठावर भातकापणी सुरू होती. विळा चालला की नाकतोडे उडत, वाऱ्यात सापडत आणि पाण्यावर पडत.

स्कॉटलंडच्या लॉक लेव्हनवर ट्राउट अशीच धरतात. नांगर टाकत नाहीत. होडी आडवी वाहू देतात आणि वारा जाईल त्या दिशेला, होडीच्या पुढं, पिसांची माशी फेकतात. ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण ज्या वाऱ्यानं किडा पाण्यावर येतो त्याच वाऱ्यानं माणूसही येतो. होडीचा वेग आवरायला तिकडं मागं कापडी छत्री सोडतात. मामांनी युरियाची रिकामी गोणी दोरीला बांधून सोडली. गोणी पाण्यानं फुगली, दोरी ताणली आणि होडीची धाव मंदावली.

ट्राउटला थंड पाणी लागतं, म्हणून ती काश्मीरला, हिमाचलला, निलगिरीला रुजली. आमच्या मावळाची राणी खडशी, म्हणजे महसीर. निसर्ग-अभ्यासक साईक्सनं 1839 साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्याच मुळा-मुठेतल्या माशांवरून. धरणाच्या उभ्या पाण्यात ती जगते, वाढते. पण अंडी घालायला तिला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ हवा. तसे तळ धरणांखाली जाऊ लागले. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटांच्या माणसांनी 1970च्या दशकापासून तिची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली. त्या कामाबद्दल मनात कृतज्ञता आहे.

माझी माशी म्हणजे कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस, गळाच्या दांडीवर रेशमी धाग्यानं आवळलेलं. हातात घेतली तर वजन जाणवत नाही. फेकायचं वजन दोरीत असतं. काठी मागं नेली, दोरी पाठीमागं सरळ होईपर्यंत थांबलो, मग पुढं सोडली. माशी वीसेक हातांवर टेकली. तिच्या शेजारी एक खरा नाकतोडा पाय झाडत होता. दोघंही एकाच चालीनं वाहत होते, आणि आम्हीही.

मामांचा हात माझ्या मनगटावर आला. “हलवू नगा.”

पाणी फुगलं. सोनेरी कूस, रुपयाएवढी खवली, लालसर पर क्षणभर वर आले. नाकतोडा गेला. माशी तशीच डुलत राहिली.

मामांनी श्वास सोडला. मग दोघंही कितीतरी वेळ त्या विरत जाणाऱ्या वर्तुळाकडं बघत राहिलो. गोणीची दोरी सैल झाली होती. वारा पडला होता, आणि काठावर कुणीतरी भाताचे भारे बांधायला घेतले होते.