पहिला तास आणि नंतरचे दिवस

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कोरडे करून, मध्ये कपडा न ठेवता आईच्या उघड्या छातीवर पालथे निजवणे आणि दोघांवर पांघरूण घालणे, या कृतीस त्वचास्पर्श म्हणतात. ओल्या अंगावरचे पाणी उडून जाताना बाळाची ऊब झपाट्याने घटते व आईचे शरीर ती भरून काढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, गुंतागुंत नसल्यास पहिला तास बाळाने याच अवस्थेत असावे आणि त्याच तासात स्तनपानही सुरू व्हावे.

प्रस्तुत लेखिकेला हा तास लाभला नाही. दिवस भरण्यापूर्वीच सिझेरियन करावे लागल्याने कमी वजनाचे, म्हणजे 2500 ग्रॅमहून हलके, बाळ नवजात अतिदक्षता विभागात गेले आणि ती वॉर्डात राहिली. बाळ तिने प्रथम पाहिले ते पतीच्या मोबाइलमधील फोटोत, आणि ते पाहताना ममतेपेक्षा परकेपणाच अधिक दाटून आला. वाटीत पिळून काढलेला चीक बाळाकडे पाठवणे, एवढाच तेव्हा मायलेकरांतला व्यवहार होता.

बाळ स्थिरावल्यावर कांगारू मातृसेवा, म्हणजे असा स्पर्श रोज दीर्घकाळ देण्याची पद्धत, सुरू झाली. इन्क्युबेटरचा तुटवडा आणि जंतुसंसर्ग यांवर उपाय म्हणून 1978च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी रुजवलेल्या या पद्धतीत आईइतकाच बापही चालतो, आणि येथे टाके दुखत असल्याने पहिली पाळी बापाचीच आली. सिस्टरने त्याला शर्टाची बटणे सोडायला लावली, टोपी, मोजे व लंगोट एवढ्यावरचे बाळ छातीवर उभे धरले, पाय बेडकासारखे दुमडले, श्वासमार्ग मोकळा राहावा म्हणून मान एका बाजूस वळवून हनुवटी किंचित वर केली आणि वरून पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी लेखिकेची पाळी आली तेव्हा वात्सल्याचा पूर वगैरे आला नाही. घाम आला, आणि नजर मॉनिटरवरच्या आकड्यांवरून हटेना. पुढे रोजच्या बैठकींत बाळाचे चुळबुळणे, मुठी चोखणे, भुकेची कुरकुर ओळखीची होत गेली, तसा तो परकेपणा नकळत ओसरला.

या अनुभवामुळे दोन दावे वेगळे करणे भाग पडते: एक नाते जुळण्याचा, दुसरा शरीराच्या गरजेचा. अमेरिकेतील क्लाउस व केनेल यांनी 1972मध्ये केवळ 28 मातांच्या अभ्यासातून प्रसूतीनंतरच्या लवकरच्या सहवासाचे महत्त्व मांडले, पुढे त्यातून नाते जुळण्याच्या ‘संवेदनशील काळा’ची कल्पना लोकप्रिय झाली, आणि तो काळ हुकलेल्या कित्येक आयांच्या पदरी निष्कारण अपराधभाव आला, एवढ्या लहान नमुन्यावरून असा निष्कर्ष काढण्यावर पुढे बरीच टीकाही झाली. शरीराच्या गरजेचा पुरावा मात्र भक्कम आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या व 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1000 ते 1799 ग्रॅम वजनाच्या बाळांना स्थिरावण्याची वाट न पाहता लगेच कांगारू सेवा दिली, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 15.7 टक्क्यांऐवजी 12 टक्के राहिले. म्हणून अतिदक्षता विभागात बाळाशेजारी आईच्या खाटेची सोय हवी, ती बाळाच्या जिवासाठी. नात्याला मात्र पहिल्या तासाची मुदत लावण्याचे कारण नाही.