चाळीस तुकड्यांची साक्ष

आमच्या पेडणे तालुक्यातील गावात कोणी मला विचारले की, "डिचोलीच्या कारखान्यात तू काय करतोस?" तर मी उत्तर देतो, "कागद तयार करतो." ऐकणारा हसतो. कागद लिहिण्यासाठी रोज कोलवाळचा पूल ओलांडून, म्हापसे आणि अस्नोडा मागे टाकीत एवढ्या लांब कशाला जावे, असे त्याला वाटते. सावलीत बसून करण्याचे हे काम खरे कष्टाचे नव्हे, अशीच बहुतेकांची समजूत असते. एके काळी माझीही तशीच होती. ती कशी बदलली, हे आज वाचकांना सांगावे असे मनात आहे.

डिचोलीच्या बाजारात मातीचे मडके घेताना आपल्या घरातील बाई ते बोटाने वाजवून पाहते. बद्द आवाज आला की मडके परत ठेवते. परंतु ज्या मोटार-कारखान्याला वर्षाकाठी लाखो सुटे भाग घ्यावयाचे असतात, त्याने प्रत्येक भाग कसा वाजवून पाहावा? म्हणून तो माल घेण्यापूर्वीच बनविणाऱ्याला सांगतो, "तुझा पहिला तुकडा चांगला आहे, हे मला दिसते. लाखावा तुकडाही तसाच निघेल, हे आधी दाखवून दे." हे दाखवून देण्याच्या रीतीला 'प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस' म्हणतात. आम्ही कामगार तिला नुसते 'पीपॅप' म्हणतो. अमेरिकेतील मोठ्या मोटार-कंपन्यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये एक उद्योगसंस्था निघाली. तिने या रीतीचे पुस्तक प्रथम 1993 मध्ये छापले, आणि त्याची चौथी आवृत्ती 2006 मध्ये निघाली. आज आपल्या देशातील वाहन-उद्योगही बहुतांशी याच वाटेने चालतो.

या फाइलीत अठरा प्रकारचे कागद व वस्तू मोडतात. भागाचे रेखाचित्र, काम कोणकोणत्या पायऱ्यांनी होते त्याचा आराखडा, प्रत्येक पायरीवर काय बिघडू शकेल त्याचा आधीच केलेला विचार, तो बिघाड रोखण्यासाठी कोण, केव्हा, कशाने तपासणार याचा तक्ता, पोलादाच्या परीक्षेचा दाखला, मोजमापांचा तक्ता आणि जपून ठेवावयाचा मूळ नमुना, असा तो संसार असतो. मोजणारी साधनेही यातून सुटत नाहीत. एकच तुकडा दोघांनी एकाच साधनाने मोजला असता आकडे किती जुळतात, हेसुद्धा तपासावे लागते. सर्वांत शेवटी एक पान असते. 'वरील सर्व माहिती खऱ्या उत्पादनातून घेतलेली व खरी आहे' अशा अर्थाच्या त्या हमीपत्रावर जबाबदार माणसाची सही होते.

आता माझी गोष्ट. माझे वडील डिचोली भागातील एका खाणीवर नमुने काढण्याचे काम करीत. लोहखनिजाची किंमत त्यातील लोहाच्या टक्केवारीवर ठरते. ढिगातून ठिकठिकाणचे खनिज घ्यावयाचे, ते एकत्र कालवावयाचे, रास करून तिचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकावयाचे, आणि असे करीत करीत पिशवीभर नमुना प्रयोगशाळेला धाडावयाचा, हेच त्यांचे आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार 2018 च्या मार्च महिन्यात गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले, आणि त्यांची मिळकतही थांबली. घर माझ्या पगारावर आले. त्या वेळी मी एका लहानशा कारखान्यात नवखा होतो, अजून कायम झालो नव्हतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्याकडे पहिली फाइल आली. ब्रेकची नळी जागच्या जागी धरून ठेवणारा पोलादी पत्र्याचा तो एक छोटा ब्रॅकेट होता. नियम असा की, ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तर एक ते आठ तासांच्या खऱ्या उत्पादनातून, नेहमीच्याच यंत्रावर व साच्यावर, सलग किमान 300 नग काढावयाचे. त्यांतून ठराविक अंतराने तुकडे उचलून निदान शंभर मोजमापे घ्यावयाची. त्यांवरून प्रक्रियेची क्षमता सांगणारा एक आकडा काढतात. मोजमापांचा पसारा मर्यादेच्या आत किती ऐसपैस बसतो, हे त्यावरून कळते. तो 1.67 च्या वर असला तर उत्तम. 1.33 च्या खाली असला तर प्रक्रिया नापसंत ठरते.

रात्रपाळी होती. दोन भोकांमधील अंतर मोजीत मी साठ तुकड्यांपर्यंत आलो. डोळे मिटू लागले होते. सकाळी फाइल जावयाची होती. साठही आकडे ठीक होते, तेव्हा उरलेले चाळीस काय निराळे असणार? मी ते तुकडे हातही न लावता पेटीत ठेवले आणि चाळीस आकडे मनाने लिहिले. हिशेब केला, तो 1.67 च्या वर गेला.

सकाळी घरी आलो. वडिलांनी काम कसे झाले, असे विचारले. मी जरा मोठेपणाने सांगितले, "शंभर तुकडे मोजले." ते कौतुकाने म्हणाले, "पुता, आमच्याकडे नवीन माणूस आला की ढिगाच्या वरचेच खनिज उचलायचा. खाली वाकायला कंटाळायचा. मी त्याला सांगायचो, जे तू उचलले नाहीस, त्याच्याविषयी तू बोलू नकोस."

त्यांना काहीच ठाऊक नव्हते. परंतु मला पेज गोड लागेना. मी अंथरुणावर न पडता तसाच परत फिरलो. पेटी काढली आणि ते चाळीस तुकडे मोजले. पहिले आठ-दहा ठीक होते. पुढे मात्र अंतर हळूहळू एकाच बाजूला सरकत गेलेले दिसले. तुकडा जागेवर बसविणारी साच्यातील पिन सैल होत चालली होती. शंभर खऱ्या आकड्यांचा हिशेब 1.33 च्याही खाली उतरला. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी मनाने लिहिलेले आकडे सारे मध्याजवळ शहाण्यासारखे बसले होते. खरे आकडे तसे बसत नाहीत, आणि पिनेची कागाळी करतात ती तेच.

साहेब हमीपत्रावर सही करण्याच्या बेतात होते. मी दोन्ही तक्ते त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "साहेब, यातला पहिला खोटा आहे. तो मीच लिहिला." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग लेखणीला टोपण घातले आणि ग्राहकाला फोन लावून मुदत मागितली. त्यांना चार शब्द ऐकावे लागले. ते मी दारात उभा राहून ऐकले. पिन बदलली, पुन्हा 300 नग काढले, पुन्हा शंभर मोजले, आणि फाइल दोन आठवड्यांनी मंजूर झाली. माझे कायम होणे मात्र सहा महिने लांबले. ते सहा महिने घरात फार ओढीचे गेले. आईने दुकानदाराची उधारी कशी सांभाळली, ते तिचे तिलाच माहीत.

वडिलांना मी हे सारे सांगितले, ते पगार कायम झाल्यावर. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "ते चाळीस तुकडे कुठे आहेत?" भंगारात गेले, असे मी सांगितले. "एक तरी ठेवायचा होतास," ते म्हणाले.

आज माझ्या हाताखाली दोन मुले शिकतात. रात्री उशीर झाला की त्यांचेही डोळे मिटू लागतात. अशा वेळी मी त्यांना उपदेश करीत नाही. शेजारी स्टूल घेऊन बसतो, आणि शेवटचे तुकडे आम्ही मिळून मोजतो. ज्या बसमधून तुमची-आमची मुले शाळेला जातात, तिच्या ब्रेकची नळी अशाच एका ब्रॅकेटने धरलेली असते. आमची फाइल त्या मुलांना कधी दिसणार नाही, आणि दिसण्याचे कारणही नाही. ती खरी असावी, एवढेच आमच्याकडे लागते.