बॉलरूमच्या मागच्या दारानं

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या शेगावात बँडवाल्यांच्या तारखा भरायला लागतात. वरात स्टेशन रोडनं निघते, नवरदेवाचे मित्र पुढं नाचत असतात आणि ट्रम्पेटवाला एक लांब सूर धरून त्याचं टोक सोडून देतो. तो सूर दुसऱ्या कुठल्या सुरावर जाऊन बसत नाही, नुसता घसरत खाली जातो आणि हवेत विरतो. नाचणाऱ्यांना तेवढ्यानंच जोर चढतो. हे सोडणं म्हणजे मींड नव्हे. मींड एका स्वरातून निघते आणि दुसऱ्या स्वरात पोचते. इथं पोचायचंच नसतं. बटण अर्धवट दाबायचं, ओठ सैल सोडायचे, श्वास तेवढा चालू ठेवायचा. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी जॅझमध्ये ही युक्ती रुजवली. वऱ्हाडातल्या वरातीपर्यंत ती आली त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम म्हणजे मुंबईच्या अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल, तिथलं नाचघर.

मी ट्रम्पेट वाजवतो, शिकवतो आणि बँडपथकांना गाण्यांची नोटेशन करून देतो. संतनगरीत राहून नाइटक्लबवर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. पण गजानन महाराजांच्या पालखीपुढच्या टाळमृदंगाचा इतिहास आपण जितक्या आस्थेनं सांगतो, तितक्याच आस्थेनं आमच्या पितळी वाद्यांचाही सांगायला हवा. त्या इतिहासातलं एक पान रात्रीच्या मुंबईत लिहिलं गेलं.

ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. जमशेटजी टाटांचं हे हॉटेल म्हटलं की सगळ्यांना त्याचा घुमट आठवतो. पण त्याच्या आराखड्यामागं सीताराम खंडेराव वैद्य हा मराठी वास्तुविशारद होता, डी. एन. मिर्झांच्या जोडीनं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वैद्यांच्या पश्चात चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं काम पुरं केलं. १९३३ साली तिथं हार्बर बार उघडला आणि मुंबईतला दारूविक्रीचा पहिला परवाना त्याच्या नावावर लागला. गोऱ्यांच्या काही क्लबांत हिंदी माणसाला पाऊल टाकायची बंदी होती त्या काळात ताजच्या नाचघरात संस्थानिक, पारशी शेटजी, इंग्रज अधिकारी, बगदादी ज्यू व्यापारी असे सगळे एका छताखाली येत. अर्थात खिसा भरलेला असेल आणि अंगावर संध्याकाळचा विलायती पोशाख असेल तरच. गिरणगावातला कामगार तिथं आत जाणं शक्यच नव्हतं.

अशा रात्रीचं वर्णन बहुतेक पाहुण्यांच्या बाजूनं केलं जातं: झुंबरं, उंची कपडे, समुद्रावरचा वारा. मला ती रात्र बँडच्या चौथऱ्यावरून दिसते. आठ-दहा माणसं, पुढं सॅक्सोफोन, मागं ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, बाजूला पियानो, डबल बेस, ड्रम. जेवण चालू आहे तोवर हलकं वाजवायचं. काट्याचमच्यांचा आवाज आणि गप्पा झाकल्या जाता कामा नयेत. अशा वेळी ट्रम्पेटच्या तोंडात म्यूट बसवतात. म्यूटनं आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोतच बदलतो. पितळेचा भरदार स्वर पातळ, धारदार होतो आणि लांबून आल्यासारखा वाटतो. मग जोडपी उठू लागली की फॉक्सट्रॉट, चार मात्रांचा. त्यानंतर तीन मात्रांचा वॉल्ट्झ, म्हणजे वयस्कर मंडळींनाही उतरता येतं. मग रुंबा, टँगो. बँडमास्तरचं एक लक्ष वादकांकडं आणि एक नाचणाऱ्यांच्या पायांकडं. पाय जड पडू लागले की लय किंचित उतरवायची, गर्दी ओसरू लागली की सगळ्यांच्या ओळखीचं गाणं काढायचं. कीर्तनकार सभा जोखतो तसंच हे जोखणं, आणि ते कुठल्या पुस्तकात शिकता येत नाही. इंग्रजी अमदानीत रात्र संपायची ती राजगीतानं. ते लागलं की सगळे जागच्या जागी उभे.

१९३५ साली लिऑन ॲबे नावाचा अमेरिकन काळा व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये आला आणि मुंबईच्या कानांना खरा जॅझ पहिल्यांदा समोरासमोर भेटला. तोवर इथले बँड बोटीनं आलेल्या छापील नोटेशनवरून आणि तबकड्यांवरून वाजवत होते. कागदावर सूर असतो, पण तो कसा फेकायचा हे कागद सांगत नाही. ॲबेनंतर कॉर्नेट वाजवणारा क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. शांघाय गाजवलेला हा वेदरफोर्ड पुढं कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथंच कॉलऱ्यानं वारला. आपल्या देशात वर्णामुळं दाराबाहेर ठेवली जाणारी ही माणसं इथं चौथऱ्यावर मानानं बसत होती. त्यांच्या शेजारी बसून शिकत होते गोव्याचे वादक.

गोव्याचं हे देणं आपण मराठी माणसांनी अजून मोजलेलंच नाही. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच सोल्फेजो, म्हणजे पाश्चात्त्य सुरांचं वाचन, आणि व्हायोलिन शिकवत. गावातला मेस्त्री हाती वेताची छडी घेऊन हे करून घेई. शिकलेली मुलं पोटासाठी मुंबईला येत, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरत. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आल्फ्रेड्स नावाच्या हॉटेलात वादक जमत आणि तिथंच कामं ठरत. समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवायचा, हे त्यांचं भांडवल. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून १९६० पर्यंत ताजचा बँड चालवला. मोम्बासात जन्मलेला आणि कराचीत वाढलेला हा माणूस. दुसरं महायुद्ध, स्वातंत्र्य, दारूबंदी हे सगळं त्यांनी त्या चौथऱ्यावरून पाहिलं.

आणि चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं आल्दोना. लुई आर्मस्ट्राँगला गुरू मानणारा हा ट्रम्पेटवादक ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात आणि ताजमध्ये वाजवत असे. ग्रीन्स आता नाही. त्या जागी ताजचा टॉवर उभा आहे. माझे विद्यार्थी त्याची तबकडी पहिल्यांदा ऐकतात तेव्हा गप्प होतात. त्याचा वरचा स्वर ओरडत नाही. खालून जोर लावून ढकललेला नसतो तो. आधीच वर जाऊन बसलेला असतो. मग मुलं स्टीलची वाटी ट्रम्पेटच्या तोंडाशी धरून, उघडझाप करून तो ‘वा-वा’ आवाज काढू पाहतात. अमेरिकेत यासाठी मोरी साफ करायचा रबरी पंप वापरत. वाटीनंही बऱ्यापैकी जमतं.

हे सगळं त्या नाचघरातच राहिलं असतं तर मला त्यावर लिहायचं कारण नव्हतं. ते बाहेर आलं, आणि आलं ते वादकांच्या पायांनी, मागच्या दारानं. १९४७ नंतर इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, त्यामुळं नाचायला येणारी गिऱ्हाइकं रोडावली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं हॉटेलांचं उरलंसुरलं रात्रीचं उत्पन्नही आटलं. वादकांची पोटं मात्र तीच होती. ती माणसं दिवसा ताडदेव-महालक्ष्मीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत जाऊ लागली. हिंदी चित्रपटांना मोठा वाद्यवृंद हवा होता आणि कागद वाचणारे वादक नेमके इथं मोकळे होते. दारूबंदीनं दारू किती सुटली यावर वाद घालता येईल. तिनं चित्रपट संगीताला वादक मिळवून दिले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिथं त्यांना भेटले सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांच्या शिक्षणाचा एक टप्पा नागपूरचा: शंकरराव सप्रे यांच्याकडं ते गाणं शिकले. मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडेही त्याच सप्रेबुवांचे शिष्य. म्हणजे एका विदर्भीय गुरूचा एक शिष्य नाट्यसंगीत आणि ख्याल उजळतो, आणि दुसरा अण्णा चितळकर होऊन गोव्याच्या ट्रम्पेटला हिंदी चित्रपटात मानाची जागा देतो. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) हे तीन चित्रपट ओळीनं ऐका. ‘अलबेला’त चिक चॉकलेट अण्णांच्या सोबतीला होता आणि आपल्या वादकांसह झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरही दिसला. त्यातलं बोंगोवरचं गाजलेलं गाणं मी नोटेशन शिकवताना दर वर्षी घेतो. चाल साधी आहे, देशी कानाला लगेच बसणारी. तिच्या दोन ओळींमधल्या फटीत पितळी वाद्यं झटके देतात, आणि ते मात्रेवर पडत नाहीत, मात्रेच्या किंचित आधी पडतात. त्या एवढ्याशा आधीमुळं पाय आपोआप उचलला जातो. हे नाचघरातलं शहाणपण. चाल अण्णांची, झटका बॉलरूमचा, आणि दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

त्यावर नाचला कोण? भगवान आबाजी पालव. मास्टर भगवान, आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, जन्म १९१३, आणि जन्मगाव अमरावती. आमच्या रेल्वे लाइनवर बडनेऱ्याला उतरलं की अमरावती हाकेवर. ज्या नाचघरात त्यांच्या वडिलांना कुणी आत घेतलं नसतं, तिथला ठेका भगवानदादांनी अंगात घेतला आणि तो इतका सोपा करून टाकला की कुठल्याही माणसाला नाचता यावा. हात अर्धे वर, खांदे सैल, पाय जागच्या जागी. ताजच्या जमिनीवर वॉल्ट्झ करायला शिकवणी लागायची. भगवानदादांच्या नाचाला लाज सोडली की पुरे. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नात आजही महाराष्ट्र असाच नाचतो. माझ्या मते मराठी माणसाला रस्त्यावर नाचायचं बळ ज्यांनी दिलं त्यांत भगवानदादांचं नाव पहिलं घ्यावं लागेल.

आमच्या बँडपथकांनी हे कागदावरून घेतलं नाही. तबकडीवरून, पुढं रेडिओवरून, तंबूतल्या सिनेमावरून कानानंच उचललं. तबकडीही आपल्याच मातीची म्हणायची: पळस, कुसुम, बोर यांच्यावरच्या लाखेपासून ती बनत असे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. वाद्यं मेरठच्या जली कोठीतून येत, अजूनही येतात. ट्रम्पेट मुळात काळी पाचचं वाद्य. कागदावर ‘सी’ लिहिला तरी कानावर पडतो बी फ्लॅट. काळी पाचमधलं गाणं म्हणूनच बँडवाल्याच्या हातात सहज बसतं. बाकी अडचणी त्यानं ओठांवर निभावल्या आणि सूर सोडायची ती युक्तीही अशीच ओठांवर आली, नाव-गाव न सांगता.

नाव न सांगण्याबद्दलच मला कळकळीनं बोलायचं आहे. स्टुडिओतल्या त्या वादकांची आणि त्यांच्यातल्या अरेंजरांची नावं तबकड्यांवर नसत, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुधा नसत. असली तर ‘सहायक’ एवढ्या शब्दाखाली. संगीतकार चाल देई, पण ती चाळीस-पन्नास वाद्यांत वाटायची कशी, व्हायोलिन कुठं उठवायची, ट्रम्पेट कुठं आवरायचा हे रात्र जागून लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक होते. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांचं नाव १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळं घराघरात गेलं, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेलं वंदन होतं. पण गाणं म्हणणाऱ्या लाखो लोकांना हे एका खऱ्या माणसाचं नाव आहे याचा पत्ता नव्हता.

साठच्या दशकात चर्चगेटच्या रस्त्यावर ही परंपरा पुन्हा थोडी फुलली. अस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, गेलॉर्ड, अँबेसेडर. ख्रिस पेरींचा बँड आणि लॉर्ना यांचा आवाज. त्या दोघांची कोकणी गाणी गोव्यात अजून ओठांवर आहेत, त्यांच्यावर ‘नाचुंया कुंपासार’ हा सुंदर चित्रपटही निघाला. मग डिस्कोथेक आले, तबकडी फिरवणारा एक माणूस आठ वादकांच्या जागी उभा राहिला आणि चौथरे रिकामे झाले.

नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकात या काळातली बरीच माणसं शोधून काढली; त्यांचे उपकार आहेत. मराठीतही असं काम व्हायला हवं, आणि त्याला लागणारा कच्चा माल आपल्याच घरांत पडून आहे. गिरगाव, दादर, धोबी तलाव, म्हापसा, मडगाव इथं ज्यांचे आजोबा, काका, मामा हॉटेलात किंवा स्टुडिओत वाजवायचे, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडाव्यात. पेन्सिलीनं लिहिलेले नोटेशनचे कागद रद्दीत देऊ नयेत. बँडच्या फोटोमागं उभ्या माणसांची नावं, अजून सांगणारं कुणी घरात आहे तोवर, लिहून घ्यावीत. विदर्भातल्या बँडमास्तरांच्या घरच्यांनाही माझी हीच विनंती आहे. कुणाकडं असं काही असेल तर या अंकाच्या संपादकांमार्फत मला कळवा. मी स्वतः येऊन त्याची प्रत करून घेईन आणि मूळ कागद तुमच्या घरीच ठेवीन.