दादा जेवायलेत

आमच्या अहमदपूरच्या माणसानं पुण्यात तोंड उघडलं की दुसऱ्याच वाक्याला समोरचा विचारतो, "मराठवाड्याचे का?" विचारण्यात वावगं काही नाही. पण त्या वक्ताला ओठाच्या कोपऱ्यात जे हसू असतंय, ते आमच्या पोरांना लागतंय. कंपनीत लागलेली पोरं सहा महिन्यांत "करायलो" सोडतात आन् "करतोय" धरतात. गावाकडं यष्टीतून उतरता उतरता परत "करायलो".

हे "करायलो" मोठं फसवं हाय. थोरल्या भावाला एकदा पुण्याहून फोन आला. नातवानं उचलला, म्हणला, "दादा जेवायलेत." पलीकडून आवाज, "जेवायला? कुठं गेलेत?" पोरगं म्हणलं, "कुठं नाही, घरीच जेवायलेत की!" दोघं बी मराठीच बोलायलते.

ही बोली अशी कामून झाली, ते आमच्या तालुक्याच्या फिरतीत हाय. अहमदपूर निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात. घरात मराठी, कचेरीत उर्दू, जिल्ह्याच्या गावाकडं कानडी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. १९५६ ला अहमदपूर, उदगीर, निलंगा बिदरमधून काढून उस्मानाबादला जोडले, १९८२ ला लातूर जिल्हा झाला. माणसं जागेवरच, कचेऱ्या तेवढ्या फिरल्या. म्हणून आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात, म्हातारी माणसं तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. उसनवारी एकतर्फी बी नाही. आमचा मुसलमान शेजारी "नक्को" म्हणतो, "वैसाच" म्हणतो. त्यातला "नको" आन् तो शेवटचा "च" आमच्या मराठीचा. येळवशीचं नाव कानडीकडून आलं म्हणतात. आंबील आन् भज्जी खाताना कुणी ते विचारत नाही.

हसण्यावारी जातंय तोवर ठीक. एका सालच्या भादव्यात चार दिवस पाऊस हटला नाही, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं. तवा विम्याला ७२ तासांत खबर द्यावी लागायची. दुसरा दिवस मावळायलता तेव्हा कुठं फोन लागला. बाई एकदम पुस्तकी. "नुकसानीचे स्वरूप सांगा." मी म्हणलं, "वावरात पाणी थांबलंय, शेंगांला कोंब फुटायलेत."

"म्हणजे अजून फुटलेले नाहीत ना?"

"फुटायलेत की वो!"

"फुटल्यावर कळवा, सर." आन् फोन ठेवला.

सोयाबीन गेल्याचं दुःख होतंच, वरून हे. आता मराठीत मराठी कशी समजावून सांगावी माणसानं?

आमच्या वावरात कामाला येणारी तांड्यावरची एक बाई वसरीत बसलती, संगं तिची बारावीतली पोरगी. पोरगी म्हणली, "काका, द्या इकडं." परत लावला. "मॅडम, शेतात पाणी साचल्यामुळे शेंगांना कोंब फुटले आहेत." गट नंबर, पेरा, खाते क्रमांक सगळं धडाधड सांगितलं आन् पाच मिनिटांत तक्रारीचा नंबर पाटीवर लिहून घेतला. घरी गोरमाटी, वावरात आमची बोली, फोनवर पुस्तकातली. तीन भाषा, आन् एकीचा दुसरीला धक्का नाही.

फोन ठेवून ती याडीकडं वळली, गोरमाटीत काहीतरी सांगू लागली. दोघी पोट धरून हसल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, "कोर". बंजारा नसलेल्या माणसाला ते तसं म्हणतात.

"काय म्हणलीस गं?" मी विचारलं.

"काही नाही काका," पोरगी म्हणली, "तुमचंच बोलायलो."