आजचा नियम आजपुरता

कोरोनाच्या दिवसांत परदेशी निघालेल्या माणसाला दोन कॅलेंडरं सांभाळावी लागत. एक तिकिटाचं आणि एक नियमांचं. तिकीट दोन-तीन महिने आधी काढायचं, कारण उशीर केला की भाडं वाढतं. नियम मात्र गुरुवारी जाहीर व्हायचा आणि सोमवारी लागू व्हायचा. या दोहोंच्या मधल्या फटीत जे सापडले त्यांत आम्ही दोघंही होतो. निमित्त होतं लेकीच्या बाळंतपणाचं. ती शिकागोजवळ राहते, तारीख जानेवारी २०२२च्या सुरुवातीची.

आम्ही हैदराबादचे मराठी. सासऱ्यांच्या वडिलांपासून काचीगुड्यात बस्तान. घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी. १ मार्च २०२१ला साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा आमच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन होती, तीच घेतली. भारत बायोटेकची ही लस शहराबाहेर, शामीरपेठकडच्या जिनोम व्हॅलीत तयार व्हायची. आपल्या गावची लस म्हणून मनातून थोडा अभिमानही वाटला. पुण्याच्या बहिणीने तिच्या गावची, सीरमची कोविशील्ड घेतली.

फरक कळला तो परदेशी जायचं म्हटल्यावर. कोविशील्ड फेब्रुवारी २०२१मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन वापराच्या यादीत गेली होती. कोव्हॅक्सिन त्या यादीत नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्या लशीचं उलटं झालं होतं. ती इथेच चालत होती, वेशीबाहेर तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. बहीण फोनवर गमतीने म्हणायची, “तू पुण्याला आली असतीस तर बरं झालं असतं.” तिसरा डोस दुसऱ्या कंपनीचा घ्यावा का, असं विचारणारी माणसं आमच्या ओळखीत निघाली, इतकी लोकांची घालमेल झाली होती.

अमेरिकेचं दारही तेव्हा बंदच होतं. ४ मे २०२१पासून भारतातून येणाऱ्या परकीय नागरिकांना, थोडे अपवाद सोडले तर, प्रवेश नव्हता. आजी-आजोबा त्या अपवादांत बसत नव्हते. ऑक्टोबरात बातमी आली: ८ नोव्हेंबरपासून पूर्ण लस घेतलेल्यांना येऊ देणार. लस अमेरिकेने तरी मान्य केलेली हवी किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली तरी. म्हणजे आमचं घोडं पुन्हा तिथेच अडलं.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, ३ नोव्हेंबरला, मी चकल्या तळत होते. सोऱ्या हातात, तेल तापलेलं आणि फोन वाजला. लेक ओरडूनच म्हणाली, “आई, कोव्हॅक्सिन यादीत आली! बाबांना सांग, आजच तिकीट बघा.” पहिला घाणा काळा झाला आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही.

आमचा एजंट हिमायतनगरचा. वर्षानुवर्षं इथल्या मुलांना अमेरिकेला पाठवणारा, त्यामुळे अमेरिकेचे नियम त्याला तोंडपाठ. पण त्या वर्षाने त्याचाही आत्मविश्वास खच्ची केला होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची दोहामार्गे जाणारी तिकिटं काढून देताना त्याने यांना बजावलं, “साब, आज का रूल येइच है. कल का मेरे कू नक्को पूछो.” त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. हैदराबाद ते दोहा आणि दोहा ते शिकागो हे दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, घेतले. तसं असलं आणि मधला मुक्काम चोवीस तासांहून जास्त नसला, तर चाचणीची मुदत पहिल्या विमानापासून मोजत. वेगवेगळी तिकिटं काढली असती तर मुदत दोह्याहून सुटणाऱ्या विमानापासून मोजली गेली असती.

त्या वेळचा नियम सोपा होता. लस घेतलेल्याने निघण्याआधी तीन दिवसांतली निगेटिव्ह चाचणी दाखवायची. आम्ही ठरवलं, दोन दिवस आधी सकाळी नमुना द्यायचा, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, मग निवांत बॅगा. तेवढ्या वेळात कागदपत्रं नीट करून घेतली. कोविनच्या लसीकरण प्रमाणपत्रावर आधी नुसतं जन्मवर्ष असायचं. ब्रिटनबरोबर त्यावरून वाद झाला, तेव्हापासून परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख असलेलं वेगळं प्रमाणपत्र मिळू लागलं होतं. तेही काढलं. डिंक, खारीक, अळीव, शतावरी कल्प, बाळंतकाढा अशी यादी करून मी सामान जमवत होते.

२६ नोव्हेंबरला ओमिक्रॉन हे नाव कानावर आलं. त्याच दिवशी आपल्या सरकारने १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू करण्याचं जाहीर केलं होतं. थोड्याच दिवसांत तो निर्णय पुढे ढकलला गेला. २ डिसेंबरला, गुरुवारी, अमेरिकेने सांगितलं की सोमवारपासून तीन दिवसांऐवजी एकाच दिवसातली चाचणी लागेल, लस घेतली असो वा नसो. कारण समजण्यासारखं होतं. विषाणूचा हा नवा प्रकार झपाट्याने पसरत होता. मंगळवारी निगेटिव्ह असलेला माणूस शुक्रवारी पॉझिटिव्ह निघू शकत होता. रिपोर्ट जितका जुना तितका निरुपयोगी.

पण ‘एक दिवस’ म्हणजे किती? भारतात येताना बहात्तर तास म्हणजे घड्याळाचे बहात्तर तास. अमेरिकेचा एक दिवस मात्र कॅलेंडरचा होता: विमान ज्या तारखेला सुटतं, त्याच्या आदल्या तारखेला केव्हाही. रात्री दहाच्या विमानाला जाणाऱ्याला यात भरपूर सवड मिळायची. हैदराबादची आखाती विमानं सुटतात पहाटे तीन-चारला. आमचं विमान शनिवारी पहाटेचं. म्हणजे आमच्या हातात शुक्रवार. सात वाजता लॅब उघडणार आणि रात्री अकराला शमशाबादच्या विमानतळावर निघायचं, त्यात नमुना, तपासणी, रिपोर्ट आणि प्रिंट सगळं बसवायचं. आरटीपीसीआरचा रिपोर्ट वेळेत येईल याची हमी कुणी देईना. अमेरिकेला अँटिजन चाचणीही चालत होती, हे जावयाने मूळ आदेश वाचून सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तरी यांनी दोन्ही चाचण्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी करायच्या ठरवल्या. एकीकडे गडबड झाली तर दुसरीकडचा कागद हाताशी असावा. आणि गडबड झालीच. अँटिजनचा रिपोर्ट दुपारी हातात आला तो यांच्या आडनावाचं आद्याक्षर पुढे आणि नाव मागे लावून. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव, ‘इंटिपेरू’, पुढे लिहितात, तेही बहुधा एका अक्षराने. काउंटरवरच्या मुलाने हाताच्या सवयीने तसंच लिहिलं होतं. पासपोर्टवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लांबलचक. मुलगा बिचारा म्हणाला, “माणूस तोच आहे ना, अंकल?” माणूस तोच आहे हे सिद्ध करायलाच तर तो कागद हवा होता! नवा कागद, त्यावर पासपोर्ट क्रमांक, नमुन्याची तारीख आणि वेळ, सही, शिक्का, असं सगळं होईपर्यंत चार वाजले. आरटीपीसीआरचा रिपोर्ट रात्री साडेनऊला फोनवर आला.

शमशाबादला काउंटरवरच्या मुलीने आमची कागदं एकेक करून बोटाने तपासली. नाव, तारीख, पुन्हा नाव. मग लस आणि चाचणी खरी आहे असं लिहून दिलेला फॉर्म. आमच्या पुढचं एक जोडपं बाजूला उभं होतं. त्यांचा रिपोर्ट बुधवारचा. महिन्याभरापूर्वी काढलेल्या तिकिटाबरोबर त्यांना जुनाच नियम सांगितला गेला होता आणि नवा कुणी कळवला नव्हता. त्यांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट होता आणि तरी त्यांना जाता येत नव्हतं. बाई मला म्हणाल्या, “आम्ही काय चुकीचं केलं?” मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही पोचल्यावर दोन-चार दिवसांतच, १५ डिसेंबरला, हैदराबादची बातमी आली. तेलंगणातले ओमिक्रॉनचे पहिले रुग्ण टोलीचौकीत सापडले होते, केनिया आणि सोमालियाहून आलेले. हे दोन्ही देश तेव्हाच्या ‘जोखमीच्या’ यादीत नव्हते. विमानतळावर काही निवडक प्रवाशांची चाचणी व्हायची, तिच्यात ते कळलं. यादीतल्या देशांकडे डोळे लावून बसलेल्यांनी या बातमीवर थोडा विचार करायला हवा होता. विषाणू यादी वाचून प्रवास करत नाही.

नात सुखरूप झाली. खरी गंमत परतीला आली. यांना कामासाठी जानेवारीअखेर परतणं भाग होतं, मी फेब्रुवारीअखेर येणार होते. ११ जानेवारीपासून आपल्याकडे नवा नियम लागू झाला होता: कुठल्याही देशातून आलं तरी सात दिवस घरी विलगीकरण, आठव्या दिवशी आरटीपीसीआर आणि तिचा निकाल सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर. निघण्याआधीची बहात्तर तासांतली चाचणी वेगळीच. ओमिक्रॉनची लाट अमेरिकेत तेव्हा शिगेला पोचली होती आणि रिपोर्ट कधी येईल याचा नेम नव्हता. जावयाने गाडीने लांबवरच्या केंद्रात नेलं, पैसे मोजून त्याच दिवशीचा रिपोर्ट घेतला. काचीगुड्याला पोचल्यावर यांनी सात दिवस वरच्या खोलीत काढले. शेजारच्या मावशी जिन्यात डबा ठेवायच्या.

१० फेब्रुवारीला नियम बदलला, १४ तारखेपासून लागू झाला. ठरलेल्या ८२ देशांतून येणाऱ्यांना चाचणीऐवजी पूर्ण लसीकरणाचं प्रमाणपत्र चालू लागलं, विलगीकरण गेलं, त्याजागी चौदा दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. मी आले ती एक पीडीएफ चढवून. शमशाबादहून सरळ घरी, दुसऱ्या दिवशी मोंढा मार्केटला. एकच घर, एकच लस, एकच विमानतळ. हे मला म्हणाले, “मी वरच्या खोलीत कुणापासून जगाला वाचवत होतो?”

लेक रुग्णालयात काम करते. तिला हे चेष्टेवारी नेलेलं आवडलं नाही. “आई, लाट ओसरली म्हणून नियम ओसरला. लाटेत तोच नियम हवा होता.” तिचं म्हणणं खरं आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि विषाणू कुणाच्या तिकिटाची वाट पाहत नाही. पुढे १२ जून २०२२ला अमेरिकेची चाचणी संपली, नोव्हेंबरात एअर सुविधाचा फॉर्मही बंद झाला. १ जानेवारी २०२३पासून चीन, जपान, सिंगापूरसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी तो परत आला, तेव्हा एजंटचा फोन आला होता, “देखो, बोला था ना?”

नियम बदलले म्हणून माझी तक्रार नाही. प्रत्येक बदलाचा भुर्दंड मात्र प्रवाशाच्याच पदरात पडला. फुकट गेलेली चाचणी त्याची, तारीख बदलल्यावर भाड्यातला फरक त्याचा, बाजूला काढून उभं केल्याची नामुष्कीही त्याचीच. आदेश सगळे निघण्याच्या तारखेवर ठरत, तिकीट केव्हा काढलं याचा हिशोब त्यात नसे. लेकीने विचारलं, “मग काय करायला हवं होतं?” मी म्हटलं, नियम हवा तेवढा कडक करा, हवा तेव्हा करा. पण ज्या दिवशी तो कडक कराल, त्या दिवसापर्यंत तिकीट काढलेल्या प्रत्येकाला एक निरोप जाऊ द्या, त्याला भाड्यातल्या फरकाशिवाय तारीख बदलू द्या, आणि ज्याचा रिपोर्ट जुन्या नियमाने बरोबर आहे, त्याची विमानतळावरच सरकारी दरात पुन्हा चाचणी होऊ द्या. यात विषाणूला एक तासाचीही सवलत मिळत नाही. फक्त त्या रात्री शमशाबादला बाजूला उभं केलेलं जोडपं शनिवारी नाही तर सोमवारी तरी आपल्या माणसांपाशी पोचलं असतं.