ओनरशिपचा ब्लॉक

आमच्या चाळीत मालक म्हणजे महिन्याला भाडं घेऊन पावती देणारा माणूस. आमची खोली पागडीची. त्यामुळे १९९१ साली बाबांनी डोंबिवलीला ‘ओनरशिपचा ब्लॉक’ बुक केला, तेव्हा गिरगावातल्या आमच्या अख्ख्या मजल्याला तो शब्द पाठ झाला. ‘फ्लॅट’ म्हणणारे श्रीमंत. आपला तो ब्लॉक.

नकाशा घेऊन आले त्या रात्री बाबांनी चाळीच्या चौकात खडूने घर आखलं. वन रूम किचन. आई आखलेल्या स्वयंपाकघरात उभी राहून ओटा कुठे, मोरी कुठे, ते बघत होती. “एवढंच? ४२० फूट म्हणालात ना?” ते बिल्ट-अप, कार्पेट ३५०, असं बाबांनी समजावलं. “म्हणजे भिंतींचेही पैसे आपणच द्यायचे?” आईने विचारलं. पुढे जिना आणि लिफ्टही हिशेबात धरणारं सुपर बिल्ट-अप आलं. २०१७ मध्ये महारेरा आल्यावर बिल्डरला कार्पेटवरच भाव सांगणं भाग पडलं. आईचा प्रश्न तोवर सव्वीस वर्षांचा झाला होता. घरात तेव्हा सतरंजी होती, कार्पेट फक्त करारात.

कर्ज एक लाखाचं, चौदा टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. हप्ता १३५७ रुपये. ईएमआय हा शब्द घरात फार उशिरा आला. तेव्हा ‘हप्ता गेला का’ एवढंच. वर्ष सरल्यावर कर्जाचं स्टेटमेंट आलं. भरलेले १६,२८४, त्यातलं व्याज १४,०००, मुद्दल कमी झालं २,२८४. बाबांनी बेरीज तीनदा केली. वर्षभर भरलेलं मुद्दल वर्ष संपल्यावरच वजा व्हायचं, ही ‘ॲन्युअल रेस्ट’ची गंमत ऑफिसातल्या एका अकाउंटंटने समजावली. सही करताना ती कुणी सांगितली नव्हती. अर्थात बाबांनी विचारलीही नव्हती. कर्ज मंजूर झालं हेच उपकार वाटायचे. आज माझा मुलगा जेवताना रेपो रेटवर बोलतो आणि व्याज पाव टक्क्याने वाढलं तर बँकेला जाब विचारतो.

एक शब्द मात्र बाबांनी घरात कधीच उच्चारला नाही. आजीच्या लेखी गहाण पडायच्या त्या पाटल्या, तेही घरावर अवकळा आली तर. म्हणून बाबा तिच्यापुढे ‘मॉर्गेज’ म्हणायचे. आजीला वाटायचं, ते सोसायटीचं काहीतरी असावं.

सोसायटीचं खरं त्रांगडं निराळंच होतं. कन्व्हेयन्स! घरं आमची, जमीन मूळ मालकाच्या नावावर. १९६३ च्या मोफा कायद्याने ती सोसायटीला करून देणं बिल्डरवर बंधनकारक होतं, तरी आमच्या वार्षिक सभेत वर्षानुवर्षं तोच विषय आणि तोच चहा. बिल्डर अडून बसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करणारा ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ येईतो सेक्रेटरी तिसरा झाला होता. शेअर सर्टिफिकेट तेवढं लवकर मिळालं. पन्नास रुपयांचे पाच शेअर. आईने कागद उलटसुलट करून पाहिला. “एवढा आटापिटा केला, आणि लिहिलंय अडीचशे रुपये?”

२००६ मध्ये शेवटचा हप्ता गेला. आजी तोवर नव्हती. बाबा मूळ करारनामा घेऊन घरी आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि चपला काढायला वाकले.

आतून आईने विचारलं, “आणलंत सोडवून?”

पाटल्या सोडवून आणल्यावर आजी हेच विचारायची.